टाळेबंदीच्या वहींतील जमेची बाजू



आजच्या भाषणासाठीं मला जो विषय देण्यांत आला आहे तो असा कीं, २०२० सालच्या महासाथींत जी टाळेबंदी आपण सर्वांनीं भोगली, तिच्यांत जमेचें असें कांहीं होतें काय? विषय गोड आहे, आणि म्हणूनच थोडा धोक्याचाहि आहे. जमेची बाजू सांगावयास बसलें म्हणजे माणसाची जीभ सैल सुटते. रस्ते कसे शांत झाले, पांखरें कशीं किलबिलूं लागलीं, घरांतलीं माणसें एकमेकांशीं कशीं बोलूं लागलीं, हें सांगतां सांगतां आपण एखाद्या सहलीचें वर्णन करीत आहों कीं काय असा भास होऊं लागतो. मीं अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत अंकगणित शिकविलें. जमा आणि खर्च हीं दोन्ही एकाच पानावर समोरासमोर मांडावयाचीं, असा माझ्या वर्गाचा दंडक असे. तोच आज पाळावयाचा म्हणतों. महाराष्ट्रांत या रोगानें, सरकारी नोंदीप्रमाणें, जवळजवळ दीड लाख माणसें नेलीं. हा आंकडा आधीं खर्चाच्या बाजूस लिहूं, आणि मग जमेकडे वळूं.

त्या दिवसांचा क्रम पुष्कळांच्या स्मरणांत आतां पुसट झाला असेल. ९ मार्च रोजीं पुण्यांत राज्यांतील पहिले रुग्ण सांपडले. २२ मार्चचा रविवार जनता कर्फ्यूचा. त्या सायंकाळीं पांच वाजतां गॅलऱ्यागॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. २४ तारखेस रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांचें भाषण झालें, आणि मध्यरात्रीपासून सारा देश एकवीस दिवसांसाठीं बंद झाला. उजाडला तो गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकीं एक. आणि त्या दिवशीं साखरेची गांठी मिळेना, कीं कडुलिंबाचा डहाळा आणावयास कोणी खालीं उतरेना. आमच्या इमारतींतील एका गृहस्थांनीं गांठीच्या जागीं दोऱ्यावरच्या खडीसाखरेची माळ गुढीला घातली. ती इतकी शोभली कीं शेजारणी गॅलरींतून पाहावयास आल्या. पण बोललें कोणीच नाहीं. त्या दिवशीं मोठ्यानें बोलण्याचीच सर्वांना चोरी झाली होती.

एकवीस दिवस ही मुदत माणसाला पेलवते. परंतु १४ एप्रिलची मुदत ३ मेपर्यंत वाढली, ३ ची १७ झाली, १७ ची ३१ झाली, आणि पुढें तर तारीख ऐकूनहि कोणाचा तिच्यावर विश्वास बसेना. खरा जाच येथें होता. शाळेंतला अनुभव सांगतों. तास कितीहि लांबला तरी शेवटीं घंटा होणार आहे एवढें ठाऊक असलें म्हणजे चाळीस मुलें निमूट बसतात. घंटा केव्हां होणार हेंच ठाऊक नसेल तर दहा मिनिटांत वर्गांत चुळबूळ सुरू होते, आणि ती कोणत्याहि छडीनें थांबत नाहीं. मोठीं माणसें याहून निराळीं नसतात. बंदीनें आपली घंटाच काढून नेली होती.

मग कोणी कोणी आपली घंटा आपणच बांधली. आमच्या इमारतींत एस. टी.चे एक निवृत्त वाहतूक नियंत्रक राहतात. पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. त्यांनीं जिन्याखालच्या फळ्यावर रोज सकाळीं सात वाजतां वार, तारीख आणि तिथि लिहावयास आरंभ केला. त्याखालीं दूध घेण्यास कोणत्या मजल्यानें किती वाजतां उतरावें, औषधाच्या दुकानीं आज कोण जाणार आहे, कोणाकडे कांदे शिल्लक आहेत, हें सर्व एस. टी.च्या वेळापत्रकाच्या धाटणीनें ते मांडीत. 'सुटण्याची वेळ' आणि 'परतण्याची वेळ' असे त्याला दोन रकाने असत. सायंकाळीं सहा वाजतां ते गॅलरींत उभे राहून साठीपुढच्या सर्वांची नांवें मोठ्यानें पुकारीत, आणि ज्यानें त्यानें आपल्या गॅलरींतून 'हजर' म्हणावयाचें. प्रथम लोक हंसले. दुसऱ्या आठवड्यांत तिसऱ्या मजल्यावरून एका आजींचा 'हजर' आला नाहीं. दोघे तरुण धांवत गेले, तों आजी ताप येऊन निजलेल्या. ताप साधाच निघाला. पण त्यानंतर त्या हजेरीला कोणीहि हंसलें नाहीं.

वहींत जमेला पहिली रक्कम लिहावयाची तर मी ही लिहीन. मुदत ठाऊक नसतांहि दिवसाला आकार देतां येतो, हें आमच्या इमारतीला एका एस. टी.च्या माणसानें शिकविलें.

त्या काळांत न्यूटनचें उदाहरण फार फिरलें. दिवसांतून चार वेळां तें माझ्या मोबाइलवर कोणी तरी पाठवीतच असे. १६६५ सालीं इंग्लंडांत प्लेग आला, केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें, न्यूटन आपल्या वुल्सथॉर्प या गांवीं परतला, आणि तेथल्या एकांतांत गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांविषयींच्या त्याच्या विचारांचा पाया घातला गेला. हें सारें खरें आहे. मात्र न्यूटन त्या वेळीं बाविशी-तेविशीचा होता, अविवाहित होता, आणि त्याच्या आईची शेतीवाडी चांगली होती. त्याला तेथें भांडीं घांसावीं लागलीं असतील असें मला वाटत नाहीं. ज्या घरांत पांच माणसें चोवीस तास कोंडलेलीं आहेत आणि दर दोन तासांनीं कांहीं तरी खावयास मागत आहेत, त्या घरच्या गृहिणीला गुरुत्वाकर्षणाची गोष्ट सांगण्याचें धाडस निदान मला तरी झालें नाहीं.

शिवाय इतक्या दूर जाण्याचें कारणहि नाहीं. पुण्याला बंदीचा अनुभव नवा नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला, आणि कांहीं महिन्यांतच तो पुण्यांत पसरला. साथीच्या रोगांचा कायदा झाला तो १८९७ सालीं. २०२० च्या मार्चमध्यें राज्य सरकारनें जो कायदा लागू केला तो तोच, एकशें तेवीस वर्षांचा म्हातारा. त्या वेळीं सोजीर घराघरांत शिरत, देवघर म्हणूं नका कीं माजघर म्हणूं नका, झडत्या घेत, आणि माणसें उचलून छावणींत नेत. त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर झाडलेल्या गोळींत झाला, हें आपण सर्व जाणतां. पण त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत, दुसरेंहि कांहीं घडत होतें. सावित्रीबाई फुले यांनीं आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा चालविली होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांना रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्या वेळीं त्यांचें वय सहासष्ट होतें.

याच प्लेगच्या काळांतली आणखी एक हकीकत मला फार विचार करावयास लावते. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. शहरांत प्लेग ठाण मांडून बसला, तेव्हां १९०० सालीं हा आश्रम बाहेर हिंगण्याला हलविणें भाग पडलें. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं तेथें सहा एकर जमीन आणि झोपडी उभारण्यासाठीं साडेसातशें रुपये दिले होते. आज ज्या भागांत उभें राहिलें असतां मोटारींच्या कर्ण्यांनीं कान किटतात, तेथें त्या वेळीं उजाड माळ होता. धड रस्ता नव्हता. कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि तें काम आटोपून पायीं हिंगण्याची वाट धरीत. पावसाळ्यांत त्या वाटेवर चिखलच चिखल. त्या झोपडींतून पुढें काय काय उभें राहिलें तें सांगत बसत नाहीं. १९१६ सालीं निघालेल्या महिला विद्यापीठाची मुळें तेथवर जातात एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां, हिंगण्याचें श्रेय प्लेगला द्यावयाचें काय? प्लेगनें एका संस्थेला शहराबाहेर हुसकून लावलें, एवढेंच त्याचें कर्तृत्व. चिखल कर्व्यांनीं तुडविला. टाळेबंदीनें आम्हांला अमुक दिलें, तमुक दिलें, असें जेव्हां जेव्हां माझ्या कानीं पडतें, तेव्हां मी मनांत विचारतों कीं, यांत टाळेबंदीचें किती आणि चालणाऱ्याच्या पायांचें किती? हा हिशेब केला म्हणजे पुष्कळशा गोड गोष्टी आपोआप गळून पडतात, आणि ज्या उरतात त्या मात्र चोख असतात.

अशी एक आमच्या गृहसंस्थेंतली सांगतों.

आमच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या चौदा बायका येत. २३ मार्चपासून त्यांना फाटकांतून आंत घेऊं नये असें ठरलें. रोगाच्या भीतीनें ठरलें. त्यांत वावगें कांहीं नव्हतें. आमच्या घरीं कामाची वांटणी झाली. मुलानें केर-लादी पत्करली, सुनेनें धुणें, आणि भांडीं माझ्या वांट्यास आलीं. मी घड्याळ लावून पाहिलें. दोन वेळच्या भांड्यांस मला पाऊण पाऊण तास लागे. आमच्याकडील बाई तेंच काम वीस मिनिटांत करून, पुढें अशींच आणखी चार घरें उरकून, दुपारीं दीड वाजतां आपल्या घरीं जाऊन स्वतःचा स्वयंपाक करीत असत. अंकगणिताच्या मास्तराला एवढें उदाहरण बस्स होतें.

एप्रिलची पहिली तारीख आली तेव्हां प्रश्न निघाला कीं, ज्या आल्याच नाहींत त्यांना पगार द्यावयाचा कीं नाहीं? इमारतीच्या वाहनतळांत खडूनें वर्तुळें आंखून, एकेका वर्तुळांत एकेकानें उभें राहून सभा झाली. मीं आयुष्यांत पुष्कळ सभा पाहिल्या. माणसांचीं अर्धीं तोंडें झांकलेलीं असलेली ती पहिलीच. एक गृहस्थ म्हणाले, "काम नाहीं तर दाम नाहीं, हा जगाचा नियम आहे." त्यावर संगणकाच्या कंपनींत काम करणारा एक तरुण म्हणाला, "काका, मग माझ्या कंपनीनें मला या महिन्याचा पगार द्यावयास नको होता. मीं दहा दिवस नुसती जोडणी नीट होण्याची वाट पाहिली." कोणी म्हणालें, एकदां दिलें कीं पायंडा पडतो. कोणी म्हणालें, पडूं द्या.

पण त्या सभेंत सर्वांत खरें बोलली ती लक्ष्मी रस्त्यावर कापडाचें लहान दुकान असलेल्या गृहस्थांची पत्नी. ती म्हणाली, "तुमचे पगार आणि पेन्शनी सुरू आहेत. आमच्या दुकानाला कुलूप आहे. लग्नसराईचा माल भरून ठेवला आहे तो तसाच पडून आहे. आम्हीं कोठून द्यावे?" कोणालाहि उत्तर सुचेना. मलाहि सुचेना, कारण माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला बँकेंत जमा होत होती, आणि माझ्या धीराचा बराचसा भाग कोषागारांतूनच येत होता. पेन्शनरानें दुकानदाराला धीराच्या गोष्टी सांगूं नयेत, एवढें तारतम्य मला होतें.

अखेर दोन तासांनीं जें ठरलें तें असें. ज्यांचें उत्पन्न ठरलेलें आहे त्यांनीं एप्रिल व मे या दोन्ही महिन्यांचा पगार पुरा द्यावा. ज्यांचा धंदा बंद आहे त्यांनीं जमेल तें द्यावें, न जमल्यास देऊं नये, आणि त्यांच्याकडील बायकांची तूट इतरांनीं एका सामायिक डब्यांतून भरून काढावी. डब्यांत कोणीं किती टाकले याची नोंद ठेवावयाची नाहीं. ही शेवटची अट त्याच "काम नाहीं तर दाम नाहीं" म्हणणाऱ्या गृहस्थांनीं सुचविली, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. दोन महिन्यांत एकाहि बाईचा पगार कमी पडला नाहीं. कापडवाल्यांनीं किती टाकले तें मला ठाऊक नाहीं, आणि कोणालाच ठाऊक नाहीं.

मेच्या पहिल्या आठवड्यांत आमच्याकडील बाई पैसे घेण्यास फाटकापाशीं आल्या. जुन्या लुगड्याची घडी तोंडाला बांधलेली. माझ्या पत्नीनें लांबूनच पाकीट कट्ट्यावर ठेवलें. बाईंनीं तें उचललें, घरच्या सर्वांची चौकशी केली, आणि विचारलें, "काकू, कढई कोण घासतंय?" पत्नी म्हणाली, "काका घांसतात." बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "मग नवीन घेऊन टाका," असें म्हणून त्या निघून गेल्या. त्या दोन महिन्यांत मीं इतका मनापासून दुसऱ्यांदां हंसल्याचें मला आठवत नाहीं.

जूनमध्यें त्या परत कामावर येऊं लागल्या तेव्हां सभेनें आणखी एक ठराव केला. इमारतींतील प्रत्येक घरीं काम करणाऱ्या बाईला महिन्यांतून चार दिवस भरपगारी रजा असावी, आणि आजारपणाचे दिवस त्यांत धरूं नयेत. ज्यांनीं स्वतः दोन महिने भांडीं घांसलीं होतीं त्यांनीं हा ठराव मांडला. विरोध फारसा झालाच नाहीं.

दुसरी गोष्ट आमच्या पहारेकऱ्याच्या मुलीची. हें कुटुंब मूळचें मध्य प्रदेशांतील रीव्याकडचें. मुलगी मात्र पुण्यांत वाढलेली, मराठी शाळेंत शिकणारी. त्या वर्षीं ती दहावीला होती. २३ मार्च रोजीं होणारा भूगोलाचा पेपर आधीं पुढें ढकलला गेला आणि एप्रिलांत रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून त्या विषयाचे गुण द्यावयाचे ठरलें. वर्षभर घोकलेला विषय असा अंगावरून निघून गेला म्हणून ती खट्टू झाली होती. "सर, आतां नकाशाचें काय करूं?" असें तिनें मला जिन्यांतून विचारलें. मीं माझ्याजवळचा शाळेंतला जुना भिंतीवरचा नकाशा खालीं आणला, वाहनतळाच्या भिंतीला टांगला, आणि रोज सायंकाळीं सहा हात अंतरावर खुर्ची टाकून बसूं लागलों. परीक्षा नाहीं, म्हणून गुण नाहींत. गुण नाहींत, म्हणून घाई नाहीं. भूगोल असा शिकवावयास मला अडतीस वर्षांत मिळाला नव्हता.

एके दिवशीं ती दोरा घेऊन आली. तिचा काका भिवंडीला यंत्रमागावर होता. माग बंद, खोलीचें भाडें थकलेलें. तो चार सोबत्यांबरोबर रीव्याकडे पायीं निघाला होता. तिला तें अंतर मोजावयाचें होतें. भिवंडी, नाशिक, धुळें, इंदूर, भोपाळ, सागर, रीवा, असा दोरा तिनें वाटेनें वळवीत नेला. तीस सेंटिमीटर भरला. नकाशाचें प्रमाण सेंटिमीटरला चाळीस किलोमीटर. तिनें तोंडींच गुणाकार केला: बाराशें. मग म्हणाली, "दिवसाला तीस किलोमीटर चालले तर चाळीस दिवस. सर, नकाशाच्या कोपऱ्यांत किलोमीटर लिहितात, तसे दिवस कां लिहीत नाहींत?"

क्वारंटाइन हा शब्दच मुळीं इटालियन भाषेंतील चाळीस या संख्येवरून आलेला आहे, हें मला त्या क्षणीं आठवलें. पण तें मीं तिला सांगितलें नाहीं.

काका नाशिकपर्यंत पोंचले. तेथें सरकारी निवाऱ्यांत त्यांना ठेवून घेण्यांत आलें. १ मे रोजीं नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची खास गाडी सुटली, तींत त्यांना जागा मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं भोपाळहून त्यांचा फोन आला. त्या सायंकाळीं मुलीनें दोरा नाशिकपाशीं कापला आणि पुढचा गुंडाळून मला दिला. "एवढा वांचला," म्हणाली.

आणि मग ८ मे उजाडला. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशांतले मजूर, औरंगाबादेजवळ करमाडपाशीं रात्रीं चालून थकून रुळांवरच निजले, आणि पहांटे मालगाडीखालीं त्यांतले सोळा जण गेले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती असें सांगतात. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचें छायाचित्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तीं माणसें शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतलीं. नकाशावर शहडोल रीव्याखालीं दोन बोटांवर आहे. करमाड माझ्या नकाशांत नव्हतें. मुलीनें औरंगाबाद आणि जालना यांच्यामध्यें पेन्सिलीनें एक टिंब काढलें, नांव लिहिलें, आणि त्या दिवशीं धडा झाला नाहीं. तें टिंब मीं पुसलेलें नाहीं.

ही गोष्ट मी जमेला लिहीत नाहीं. एका पंधरा वर्षांच्या मुलीला प्रमाण म्हणजे काय तें कायमचें कळलें, एवढें खरें. पण त्याची किंमत कोणीं दिली तें पाहिलें म्हणजे लेखणी अडते. पानाच्या मधोमध कोठें तरी ती नोंद राहूं द्यावी.

बाहेरच्या जगांतल्याहि कांहीं नोंदी आहेत; त्या भराभर सांगतों. त्या वर्षीं ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पायीं न जातां एस. टी.च्या गाडीनें पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी एकादशी चंद्रभागेच्या रिकाम्या वाळवंटावर झाली, आणि लाखों वारकऱ्यांनीं घरींच टाळ धरले. ज्यांच्या कुळांत पिढ्यानपिढ्या वारी चुकली नव्हती त्यांनीं दुसऱ्याच्या जिवासाठीं ती चुकविली. याला मी मोठी गोष्ट समजतों. लालबागच्या राजाच्या मंडळानें त्या भाद्रपदांत मूर्ति न बसवितां आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व रक्तद्रवदान मांडलें. धारावीची गोष्ट याहून कष्टाची. अडीच चौरस किलोमीटरहि नसलेल्या त्या वस्तींत लाखों माणसें राहतात. तेथें १ एप्रिलला पहिला रुग्ण सांपडला तेव्हां मुंबईनें धसका घेतला होता. डॉक्टर, परिचारिका, पालिकेचे कामगार आणि वस्तींतले लोक दारोदार हिंडले, शाळांचीं विलगीकरणाचीं ठिकाणें झालीं, सार्वजनिक शौचकूपें दिवसांतून अनेक वेळां धुतलीं गेलीं. आणि २५ डिसेंबर रोजीं तेथें एकहि नवा रुग्ण सांपडला नाहीं. पालघर जिल्ह्यांतल्या कांहीं आदिवासी पाड्यांत मोबाइल नव्हते, म्हणून ध्वनिवर्धक लावून मुलांना धडे ऐकविले गेले. आवाजानें शाळा भरवितां येते हें ऐकून, आकाशवाणीवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला बरें वाटलें तर नवल नाहीं.

रोहित पक्ष्यांनीं नवी मुंबईच्या पाणथळी गुलाबी केल्या, हवा निवळली, तेंहि खरें. परंतु त्यांत आपलें काय? आपण घरांत बसलों, एवढेंच. रस्ते पुन्हां सुरू झाले तशी हवा पुन्हां मळली. ही जमा हातीं आली तशीच निसटली, कारण तिच्यासाठीं कोणीं चिखल तुडविलेला नव्हता.

आमच्या इमारतींतलें काय टिकलें, असें आपण विचाराल. फळ्यावरचें वेळापत्रक त्याच वर्षाच्या दिवाळीनंतर बंद झालें. वाहतूक नियंत्रकांची हजेरी मात्र अजून रोज होते. आतां ती फोनवर होते, आणि आवाज त्यांचा तोच आहे. पहारेकऱ्याच्या मुलीनें बारावीनंतर भूगोल घेऊन पदवी केली. ती आतां नोकरीच्या परीक्षांना बसते आहे. कढई नवीन आली.

राहिला चार दिवसांच्या रजेचा ठराव. इमारतींत आतां कांहीं नवीं कुटुंबें आलीं आहेत. त्यांनीं त्या दोन महिन्यांत येथें भांडीं घांसलेलीं नाहींत. चार दिवस फार होतात, दोन पुरेत, आणि तेहि ज्याच्या त्याच्या मर्जीवर असावेत, अशी सूचना त्यांच्यापैकीं एकानें लेखी दिली आहे. तिच्यावर पुढच्या महिन्याच्या सभेंत मतें घ्यावयाचीं आहेत. मतांची मोजदाद मीं आजच करून पाहिली. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत. कापडवाल्यांच्या पत्नीनें आपण बोलणार असल्याचें मला कळविलें आहे, आणि वाहतूक नियंत्रकांनीं त्या संध्याकाळची हजेरी वाहनतळांतच घ्यावयाचें ठरविलें आहे.